किल्ट, क्लॅन आणि मेंढ्यांचं साल

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका घरातल्या मुलाचं लग्न स्कॉटलंडच्या मॅकेन्झी आडनावाच्या मुलीशी ठरलंय. व्याह्यांची इच्छा आहे की जावयाने लग्नात त्यांच्या क्लॅनचा, म्हणजे कुळाचा, किल्ट (पुरुषांचा चौकड्यांच्या कापडाचा, निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख) घालावा. मुलाची आई विचारते: ‘हा पोशाख खरंच हजार-दीड हजार वर्षांचा आहे का? कुठेतरी वाचलं की हे सगळं नंतर रचलेलं थोतांड आहे. मग स्कॉटिश लोक म्हणजे नेमके कोण? आणि आमच्या मुलाने तो घातला तर त्यांच्या कुळाचा अपमान तर होणार नाही ना?’

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. बिनधास्त घालू दे. सासरच्यांनी आपणहून घालायला सांगितलंय, यापेक्षा मोठी परवानगी नाही. बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र वेळ लागेल.

माझा धंदा कापडाचा. वडिलांचे इचलकरंजीत आठ माग होते, त्यांच्या खडखडाटातच अभ्यास केला. पुढे स्कॉटलंडच्या दक्षिणेला गालाशील्सच्या आसपास लोकरीच्या गिरण्यांत बावीस वर्षं काढली आणि त्यातली निम्म्याहून जास्त टार्टन विणण्यात गेली. मी इतिहासकार नाही. पण कापडाचा इतिहास कापडावरून बऱ्यापैकी कळतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

टार्टन म्हणजे नुसती चौकड्यांची डिझाइन नव्हे. त्याचा नियम असा की उभ्या ताण्यात रंगांचा जो क्रम, तोच आणि तेवढ्याच धाग्यांचा क्रम आडव्या बाण्यात. आपल्या साध्या विणीत धागा एकावरून एकाखालून जातो. टार्टनची वीण ट्विलची असते, धागा दोनांवरून जाऊन दोनांखालून निघतो, म्हणून कापडावर तिरक्या रेघा दिसतात. मॅकेन्झी टार्टनमध्ये सुताचे रंग पाचच: निळा, काळा, हिरवा, पांढरा, लाल. निळा ताणा निळ्या बाण्याला भेटला की शुद्ध निळा, असे पाच चौकोन. निळ्यावर हिरवा, हिरव्यावर काळा अशा जोड्या दहा. म्हणजे पाच बॉबिनींतून डोळ्यांना पंधरा छटा दिसतात. त्यातले शुद्ध रंगाचे चौकोन कर्णावरून एका रांगेत उतरत जातात. चांगलं टार्टन हातात घेतलं की ती कर्णाची रांग मी आधी बघतो. ती पंचेचाळीस अंशात नसेल तर बाणा नीट ठोकलेला नाही, एवढं साधं आहे.

शिवाय बहुतेक नमुने आरशातल्यासारखे उलटतात. एका टोकाच्या पट्ट्यापर्यंत मोजत जायचं आणि तिथून मागे फिरायचं. मागे फिरताना टोकाचा पट्टा पुन्हा मोजायचा नाही. पहिल्याच वर्षी मी तो दोनदा मोजला. चाळीस मीटर कापड उतरल्यावर तपासनीस बाईंनी दोन बोटं त्या पट्ट्यावर ठेवली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. ते कापड पुढे कुशनच्या खोळींना गेलं.

आता वयाचं. चौकड्यांचं लोकरी कापड या देशात फार जुनं आहे. फॉल्कर्क गावाजवळ 1933 मध्ये रोमन नाण्यांनी भरलेलं एक मडकं सापडलं. त्याच्या तोंडाशी कापडाचा तुकडा होता, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. पण त्याला रंग दिलेला नव्हता. मेंढीच्याच दोन नैसर्गिक छटा, एक गडद आणि एक फिकी. आपल्या धनगरी घोंगडीत काळी-पांढरी लोकर असते, तशातलाच प्रकार. खऱ्या अर्थाने अनेक रंगांचं असं आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं टार्टन ग्लेन अफ्रिक खोऱ्यातल्या दलदलीत मिळालं. ते बहुधा 1500 ते 1600 च्या दरम्यानचं आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या थोडं आधीचं. तेव्हा ‘हजार वर्षं’ म्हणणारेही चुकतात आणि ‘थोतांड’ म्हणणारेही.

चूक कुठे होते तर कापड, पोशाख आणि कुळाची खूण या तीन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र कालवतात. कापड जुनं आहे. आजचा शिवलेला किल्ट अठराव्या शतकातला. आणि ‘अमुक नमुना अमुक कुळाचा’ हा हिशेब जेमतेम दोनशे वर्षांचा.

किल्टच्या आधी होतं ते मोठं प्लेड. गेलिक भाषेत त्या शब्दाचा अर्थच पांघरूण, घोंगडं. मागाची रुंदी तेव्हा कमी, म्हणून दोन पट्टे लांबीत शिवून जोडायचे. असं चार-पाच मीटरचं घोंगडं जमिनीवर पसरायचं, मधल्या भागाला निऱ्या घालायच्या, त्यावर आडवं पडून कमरेला पट्टा आवळायचा आणि उठायचं. खालचा भाग गुडघ्यापर्यंत लुंगीसारखा, वरचा खांद्यावर किंवा पाऊस आला तर डोक्यावर. रात्री पट्टा सोडला की तेच अंथरूण-पांघरूण. नऊवारीच्या निऱ्या रोज घालणाऱ्या बायकांना हे मी समजावून सांगायला नको. पुढे कधीतरी वरचा अर्धा कापून खालचा तेवढा ठेवला, निऱ्या कायमच्या शिवून टाकल्या आणि आजचा किल्ट झाला. हे पहिल्यांदा रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराने केलं, त्याला डोंगरात लोखंडाच्या भट्टीवर माणसं सुटसुटीत कपड्यात हवी होती, अशी एक गोष्ट सांगतात. स्कॉटिश लोकांना ती अजिबात आवडत नाही. माझं मत विचाराल तर पट्टा सोडून वरचा अर्धा काढून ठेवायला कुणा कारखानदाराची गरज नसते.

पण हा पोशाख सगळ्या स्कॉटलंडचा कधीच नव्हता. सिनेमात विल्यम वॉलेसला किल्टमध्ये दाखवतात. हा गृहस्थ 1297 मध्ये स्टर्लिंगच्या पुलावर इंग्रजांशी लढला, दक्षिणेकडच्या सखल भागातला, आणि किल्ट यायला अजून चारेकशे वर्षं अवकाश होता.

तर मग हे लोक कोण? एका रक्ताचे नाहीत, हे पहिलं. उत्तरेला आणि पूर्वेला पिक्ट होते, ज्यांनी कोरलेले दगड मागे ठेवले. पश्चिम किनाऱ्याला आयर्लंडशी नातं असलेले गेल होते. रोमन लोक त्यांना स्कॉटी म्हणत, देशाचं नाव त्यांच्यावरून पडलं. ग्लासगोच्या बाजूला वेल्शसारखी भाषा बोलणारे ब्रिटन. एडिनबराच्या परिसरात अँगल, म्हणजे इंग्रजांचेच चुलते. आणि बेटांवर नॉर्वेहून आलेले नॉर्स. पश्चिमेची बेटं नॉर्वेने 1266 मध्ये सोडली. ऑर्कनी आणि शेटलंड तर स्कॉटलंडकडे आली ती 1468-69 मध्ये डेन्मार्कच्या राजकन्येच्या हुंड्यापोटी, गहाण म्हणून. ते गहाण कधी सुटलंच नाही.

या खिचडीतून दोन जगं तयार झाली. उत्तर-पश्चिमेला डोंगराळ हायलँड: गेलिक भाषा, गुरं, क्लॅन. दक्षिण-पूर्वेला सखल लोलँड: शेती, बंदरं, बाजारपेठा आणि इंग्रजीची सख्खी बहीण असलेली स्कॉट्स भाषा. क्लॅन हा गेलिक शब्द, त्याचा अर्थ लेकरं. सगळे एका पूर्वजाची लेकरं असं मानायचं, प्रत्यक्षात आसऱ्याला आलेली, जमीन कसणारी, आडनाव उचललेली माणसंही त्यात असायची. ‘मॅक’ म्हणजे चा मुलगा. मॅकेन्झी म्हणजे केनेथचा. क्लॅनचा प्रमुख न्यायनिवाडा करायचा, जमीन वाटून द्यायचा आणि हाक मारली की माणसांनी तलवार घेऊन हजर व्हायचं. वतनदारी आठवत असेल तर फार वेगळं वाटणार नाही.

लोलँडवाले या डोंगरवाल्यांना चोर समजत. गुरं पळवणारे, अडाणी, न कळणारी भाषा बोलणारे. अठराव्या शतकातल्या एडिनबराच्या वकिलाला कुणी ‘किल्ट घाल’ म्हटलं असतं तर त्याने कोर्टात खेचलं असतं. ज्यांना चोर म्हणत, त्यांचाच पोशाख शंभर वर्षांत अख्ख्या देशाने अंगावर चढवला. कसा, ते ऐका.

1707 मध्ये स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली. जुन्या स्ट्युअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवायला निघालेल्यांना जॅकोबाइट म्हणत. त्यांचं शेवटचं बंड 1745 चं आणि शेवट 16 एप्रिल 1746 ला, इन्व्हर्नेसजवळ कलोडनच्या माळावर. लढाई तासभरही चालली नाही. जॅकोबाइटांची दीड-दोन हजार माणसं पडली, सरकारी बाजूची पन्नासेक. याला स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड समजू नका, सरकारी फौजेत स्कॉटिश पलटणी होत्या. तुमच्या व्याह्यांचे मॅकेन्झी तर फुटलेलेच होते. क्रोमार्टीचा अर्ल बंडखोरांकडे, सीफोर्थची मुख्य शाखा सरकारकडे. हे मांडवात विचारू नका, पण माहीत असू द्या.

त्यानंतर सरकारने क्लॅनचं कंबरडं मोडलं. प्रमुखांचे न्यायनिवाड्याचे वंशपरंपरागत हक्क काढून घेतले. आणि 1 ऑगस्ट 1747 पासून पुरुषांना हायलँडचा पोशाख घालायला बंदी आली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. अपवाद एकच: राजाच्या सैन्यात भरती व्हा आणि खुशाल घाला. बंदी 1782 मध्ये उठली तेव्हा पस्तीस वर्षं गेली होती. घरी प्लेड नेसणारी एक पिढी संपली होती आणि पलटणीत किल्ट घालणारी एक पिढी तयार झाली होती.

आता पलटणी आल्या म्हणजे गणवेश आला, गणवेश आला म्हणजे ठेकेदार आला. बॅनकबर्नला विल्सन नावाच्या विणकर घराण्याने 1765 च्या सुमाराला धंदा सुरू केला आणि सैन्याला टार्टन पुरवायला लागले. धंदेवाल्या माणसाला नमुना ओळखायला नंबर लागतो, तसे त्यांचे नंबर होते. मग लक्षात आलं की नंबरापेक्षा नावाने माल जास्त खपतो. त्यांच्या एका नमुन्याची कहाणी मला फार आवडते आणि त्रासही देते. आधी तो नंबर 155 होता. मग किड नावाच्या एका मळेवाल्याने वेस्ट इंडिजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी घाऊक घेतला, म्हणून त्याचं नाव ‘किड’ पडलं. आणि शेवटी तोच ‘मॅकफर्सन’ म्हणून क्लॅनच्या प्रमुखाला दिला गेला.

1815 मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने प्रमुखांना पत्रं धाडली, तुमच्या क्लॅनच्या टार्टनचा नमुना पाठवा. कित्येकांना आपला नमुना कोणता हेच माहीत नव्हतं. त्यांनी विल्सनलाच विचारलं. मग 1822 च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला. गादीवरचा राजा स्कॉटलंडला येण्याची ही जवळपास 170 वर्षांतली पहिली वेळ. स्वागताचा सगळा थाट वॉल्टर स्कॉट या साहित्यिकाने बसवला, आणि फर्मान काय, तर सगळ्यांनी टार्टनमध्ये यायचं. लठ्ठ राजाने स्वतः लाल टार्टनचा किल्ट चढवला, खाली गुलाबी रंगाचे तंग मोजे. पोशाखाचं बिल 1,354 पौंड. लोलँडचे व्यापारी, वकील, डॉक्टर कापडासाठी धावले. विल्सनच्या मागांना उसंत नव्हती. बॅनकबर्नच्या त्या वेळच्या कारकुनाची मला नेहमी दया येते.

इथपर्यंतची गोष्ट ‘रचलेलं थोतांड’ म्हणणारे लेखही सांगतात, चवीने सांगतात. पुढची मात्र बहुतेकजण सोडतात. ज्या वर्षांत हे कापड दिवाणखान्यात चढत होतं, त्याच वर्षांत ते ज्यांचं होतं ती माणसं डोंगरातून हाकलली जात होती.

प्रमुखाची सत्ता गेली तसे तलवारवाले त्याच्या उपयोगाचे राहिले नाहीत. लंडनला राहायचं तर रोख पैसा हवा. दक्षिणेची चेव्हियट जातीची मेंढी थंडीत टिकते, लोकर चांगली देते आणि मेंढपाळ दुप्पट-तिप्पट भाडं देतो. माणसांची खोरी मेंढ्यांना दिली. 1792 मध्ये रॉस परगण्यातल्या लोकांनी मेंढ्यांचे कळप गोळा करून दक्षिणेकडे हाकलायला सुरुवात केली, तेव्हा सैन्य बोलवावं लागलं. गेलिकमध्ये त्या वर्षाला ‘मेंढ्यांचं साल’ म्हणतात. आपल्याकडे दुष्काळाची सालं लक्षात ठेवतात तसं. सदरलंडमध्ये स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात 1814 ला घरांची छपरं जाळली. जाळणाऱ्या कारभाऱ्यावर, पॅट्रिक सेलरवर, 1816 मध्ये खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. आणि 1822 च्या मिरवणुकीत सदरलंडचे लोक टार्टन घालून हजर होते, तिथल्या जमिनीच्या मालकिणीने पाठवलेले.

मी ज्या गिरण्यांत काम केलं त्यांनी चेव्हियट लोकर पोत्यांनी वापरली आहे. चरबट, जरा टोचणारी, टिकाऊ लोकर. पहिल्यांदा मला हे एका म्हाताऱ्या जॉबरने सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, सँडविच खाता खाता: ‘आधी मेंढ्यांनी माणसं खाल्ली, मग आपण मेंढ्या कातरून त्या माणसांचे झगे शिवले.’ तो लोलँडचाच होता, सात पिढ्यांत कुणी किल्ट घातला नव्हता. पण मुलीच्या लग्नात घातला.

म्हणूनच मला ‘थोतांड’ हा शब्द पटत नाही. नोव्हा स्कोशियाला, कॅनडाला, न्यूझीलंडला गेलेल्यांकडे जमीन नव्हती, भाषा मुलांबरोबर संपली. उरलं आडनाव आणि त्या आडनावाचं कापड. विल्सनने नाव चिकटवलं असेल, पण दोनशे वर्षं लग्नांत, लढायांत आणि तिरडीवर ते वापरलं गेलंय. आपला फेटा तरी प्रत्येक गावात एकाच पद्धतीने, शिवकाळापासून जसाच्या तसा बांधत आलोत का?

आता तुमच्या मॅकेन्झी टार्टनकडे येतो, कारण त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती तुमच्या राज्यातून जाते. हा नमुना मुळात पलटणीचा. ब्लॅक वॉच या सरकारी पलटणीचा निळा-काळा-हिरवा पाया, त्यात हिरव्यावर पांढरी रेघ आणि निळ्यावर लाल. मेंढ्यांचं साल 1792. दुसऱ्याच वर्षी, 1793 ला, सीफोर्थच्या मॅकेन्झी प्रमुखाने त्याच रॉसमधून आणि लुईस बेटावरून माणसं गोळा करून 78 वी हायलँड पलटण उभी केली. दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 1803 ला, ती पलटण जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ असईला, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत उभी होती. समोर शिंदे आणि भोसले. त्याच फौजेतली 74 वी हायलँड पलटण तर तिथे कापलीच गेली. दोन्ही पलटणींना नंतर हत्तीचं चिन्ह आणि ‘असई’ हे नाव मिरवायचा मान मिळाला. घरून मेंढ्यांमुळे निघालेली माणसं आपल्या तोफांपुढे येऊन पडली. तुमच्या व्याह्यांना असई हा शब्द माहीत असण्याची शक्यता आहे. एखाद्या जुन्या पदकावर असतो.

बाकी महाराष्ट्राने जे स्कॉट पाहिले ते बहुतेक किल्टवाले नव्हते. तो दुसरा स्कॉटलंड, पुस्तकाचा. 1560 मध्ये धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या काळात देश प्रॉटेस्टंट झाला. बायबल ज्याचं त्याने वाचायचं, म्हणजे वाचता यायला हवं, म्हणजे शाळा हवी. 1696 च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, शाळा आणि मास्तर नेमणं बंधनकारक केलं. 1600 सालापर्यंत या छोट्या गरीब देशात पाच विद्यापीठं होती, इंग्लंडमध्ये दोन. 1707 मध्ये संसद गेली तरी कायदा, चर्च आणि शिक्षण यांची व्यवस्था वेगळी राहिली, आजही आहे. मला विचाराल तर स्कॉटलंडला स्कॉटलंड ठेवलं ते या तीन रुक्ष गोष्टींनी. पण त्यांचा फोटो चांगला येत नाही.

या शाळांतून निघालेला हुशार, गरीब, हट्टी पोरगा जगभर नोकरीला गेला. आमच्या गालाशील्सजवळच्या लॉडर गावचे जॉन विल्सन 1829 ला मुंबईत आले, मराठी शिकले, शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींसाठी शाळा चालवल्या. 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून साडेचारशेहून जास्त पाद्री पगार-घर सोडून बाहेर पडले, तेव्हा विल्सनही त्यांच्या बाजूने गेले. बॅन्फचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला छत्रपतींच्या दरबारी रेसिडेंट होते. 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला आणि त्यातल्या चुका काढता काढता आपल्याकडे इतिहासकारांची एक पिढीच तयार झाली. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट ब्लेअर अथोलचे. मुंबईत सुट्टीवर आलो की मी मुलांना गेटवेपाशी हे सांगतो. ते भेळ कुठे मिळेल ते विचारतात.

टार्टनच्या पलीकडचं एक कापड पाहायचं असेल तर लग्नानंतर लुईस-हॅरिस बेटावर जाऊन या. त्यातला लुईसचा भाग 1844 पर्यंत मॅकेन्झींकडेच होता. मग जेम्स मॅथेसनने तो विकत घेतला, चीनला अफू विकून कमावलेल्या पैशाने. त्यातली पुष्कळ अफू मुंबई बंदरातून जात होती, जमशेटजी जीजीभॉय त्यांचे भागीदार-दोस्त. मॅथेसनने बटाट्याच्या दुष्काळात लोकांना धान्य दिलं आणि पुढे दोनेक हजार लोकांना जहाजाने कॅनडाला रवानाही केलं. शेवटी 1886 च्या कायद्याने कसणाऱ्याला जमिनीवर राहण्याची हमी मिळाली. आपल्याकडच्या कूळकायद्याची आठवण येईल.

त्या बेटावरचं हॅरिस ट्वीड आजही कायद्याने जपलेलं आहे, 1993 च्या. लोकर बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली पाहिजे, आणि विणणं विणकराच्या स्वतःच्या घरी, पायाने चालवायच्या मागावर. गिरणीत विणलं तर ते नाव लावता येत नाही. मी एका विणकराच्या शेडमध्ये दोन दिवस बसलो होतो. मागाला सायकलसारखे पायडल, बाहेर मेंढ्या, रेडिओवर गेलिक बातम्या. रविवारी माग बंद. तिथे रविवारी दोरीवर कपडे वाळत घालणंसुद्धा अनेकांना खपत नाही.

जुन्या काळी विणलेलं ट्वीड घट्ट करायला बायका फळीभोवती समोरासमोर बसून ओलं कापड आपटायच्या. ओलं कशाने, तर साठवून ठेवलेल्या मुताने. रंग पक्का बसतो आणि चरबी निघते. आपटण्याच्या ठेक्यावर गाणी. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी निरर्थक अक्षरांचं पालुपद धरायचं. गाण्यांत नवरे, बुडालेल्या होड्या, गावातल्या पोरांची टिंगल. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ज्याने ऐकल्यात त्याला हे अर्थ न कळताही कळतं. फरक एवढाच की जात्यावर एक-दोघी, इथे दहा-बारा जणी.

2022 च्या जनगणनेत गेलिक थोडीफार येणारे एक लाख तीस हजार निघाले, जवळपास साडेचौपन्न लाख वस्तीत. स्कॉट्स मात्र निम्म्या देशाला कमी-जास्त येते, फक्त पुष्कळांना ती ‘भाषा’ आहे हे मान्य नसतं, बोली म्हणतात. हा वाद मालवणी-वऱ्हाडीवाल्यांना ओळखीचा असेल.

आता लग्न. आठ यार्डांचा, म्हणजे सव्वासात मीटरचा, जाड लोकरीचा किल्ट हाताने शिवून घेतला तर महाग पडतो आणि वेळ लागतो. एका दिवसासाठी भाड्याने मिळतो, स्वतः स्कॉटिश नवरेसुद्धा सर्रास भाड्याने घेतात. शिवून घेणार असाल तर शिंप्याला विचारा, निऱ्या नमुन्यावर घालणार की रेघेवर. नमुन्यावर म्हणजे मागून पाहिलं तरी टार्टन अखंड दिसतं. रेघेवर म्हणजे प्रत्येक निरीवर एकच पट्टी, ही पलटणीची पद्धत. मॅकेन्झीला पांढऱ्या रेघेवर घातलेल्या निऱ्या फार देखण्या दिसतात: उभं असताना रेघांची रांग, चालताना मधून हिरवं-निळं चमकतं.

मापाला पॅंटची कंबर देऊ नका, किल्ट बेंबीशी बांधतात. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर. निऱ्या मागे, सपाट पदर पुढे. पिन लावायची ती पदराच्या वरच्याच थराला, दोन्ही थर टोचले तर बसताना कापड फाटतं. खिसा नसतो म्हणून पुढे कातडी बटवा, स्पॉरन. मोज्यात खोचायचा छोटा सुरा विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका. बसताना मागच्या निऱ्या हाताने सारून बसायचं, साडीची सवय असलेल्या आईने दोन वेळा दाखवलं की पोराला जमेल. वर फेटा बांधायचा का, असं मुलाने विचारलं तर हो म्हणा. माझ्या डोळ्यांना निळ्या-हिरव्यावर भगवा छान दिसतो. फेट्यासाठी टार्टन वापरू नका, लोकर डोक्यावर बसत नाही.

जेवणात हॅगिस येईल: मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस, ओट आणि कांदा. घरात वजडी खाणारे असाल तर काही वाटणार नाही, शाकाहाऱ्यांसाठी डाळी-ओटचं मिळतं. दोन कानांच्या चपट्या वाटीतून नवरा-नवरी एकत्र व्हिस्की पितील, तिला क्वेच म्हणतात, पीत नसतील तर सरबत चालतं. रात्री ‘केली’ नावाचा कार्यक्रम असेल, म्हणजे सामुदायिक नाच. त्यात वय, वजन, कुणाचे व्याही हे काही बघत नाहीत, हात धरून ओढतात. पायात सपाट चपला असू द्या आणि पदर कमरेला घट्ट खोचा. ‘स्ट्रिप द विलो’ सुरू झाला की एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गरगर फेकलं जाल. समोरच्याचं मनगट नाही, कोपर धरायचं.

कापड दुकानातून घ्याल तेव्हा एक मीटर उघडून कर्णाची रांग मात्र बघून घ्या.